एमबीए करावं का, आणि केलंच तर त्यातून नेमकं काय घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंजिनियरिंगनंतर चार-पाच वर्षं नोकरी झाली, हाताखाली माणसं आली, बरोबरीचे काही जण एमबीएला निघाले. दोन वर्षं आणि एवढा पैसा त्यात घालावा, की हे सगळं काम करता करता शिकता येतं? आणि मॅनेजमेंटच्या ज्या मूळ संकल्पना म्हणतात, त्या रोजच्या कामात खरंच उपयोगी पडतात का?

मी आधी उत्पादनाच्या बाजूला काम केलं, मग पदवी घेतली आणि नंतर वित्त विभागात आले. पुढे नव्याने पदवी घेतलेल्या अनेकांना नोकरीवर घेतलं, त्यांच्यासोबत काम केलं. या सगळ्यातून झालेलं माझं मत आधीच सांगते. पदवीची किंमत ज्या विषयांमुळे वसूल होते, ते विषय बहुतेक विद्यार्थी रटाळ समजून कसेबसे पास होतात: हिशेब, ऑपरेशन्स आणि माणसांना मोबदला कसा द्यायचा याचा विचार. ज्या स्ट्रॅटेजीच्या ओढीने ते येतात, ती करायची वेळ नोकरीच्या पहिल्या आठ-दहा वर्षांत क्वचितच येते. आणि हे रटाळ वाटणारे विषय अंगात मुरायचे तर आधी थोडी नोकरी झालेली असावी लागते. ज्याने स्टोअरमध्ये पडून राहिलेला माल पाहिला आहे, त्याला इन्व्हेंटरीचा धडा एका तासात कळतो.

पदवीतून तीन वेगळ्या गोष्टी मिळतात: ज्ञान, बाजारात चालणारी खूण आणि माणसांच्या ओळखी. त्यांची सरमिसळ केली की निर्णय चुकतो. खुणेबद्दल अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये एक मांडणी केली. पुढे २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना जॉर्ज अकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत मिळालं, त्यामागे हे काम होतं. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची खरी कुवत दिसत नाही. मग जी गोष्ट कुवत असलेल्याला कमी कष्टात जमते आणि नसलेल्याला फार महाग पडते, ती कुवतीची खूण ठरते. या मांडणीत शिक्षणाने कौशल्य तसूभरही वाढलं नाही, तरी पगार वाढू शकतो. अवघड प्रवेश परीक्षेच्या संस्थेची पदवी आणि सहज प्रवेश मिळणाऱ्या संस्थेची पदवी यांचा अभ्यासक्रम जवळपास सारखा असतो, तरी दोन्हींचं वजन वेगळं पडतं, त्याचं मोठं कारण हेच. तुम्हाला क्षेत्र बदलायचं असेल, म्हणजे उत्पादनातून बँकिंगमध्ये किंवा सॉफ्टवेअरमधून कन्सल्टिंगमध्ये जायचं असेल, तर ही खूण फार कामाची. आहे त्याच कंपनीत वर जायचं असेल, तर तिची गरज बरीच कमी होते, कारण तुमचं काम वरिष्ठ रोज पाहत असतात.

आता पैशाचा हिशेब. पदवीत जे शिकवतात, ते आधी पदवीलाच लावून पाहावं. फी हा दिसणारा खर्च झाला. दोन वर्षं सोडलेला पगार हाही तितकाच खरा खर्च आहे, पण त्याची पावती मिळत नाही म्हणून तो विसरला जातो. समजा, फी तुमच्या दोन वर्षांच्या पगाराएवढी आहे. म्हणजे एकूण चार वर्षांच्या पगाराची गुंतवणूक. पदवीनंतर दरवर्षी आजच्या पगाराच्या ६० टक्के एवढी रक्कम जास्त मिळू लागली, तर साध्या भागाकाराने पैसे फिटायला ६ वर्षं ८ महिने लागतात. पण आज गेलेला पैसा आणि सहा वर्षांनी येणारा पैसा सारख्या किमतीचे नसतात. वर्षाला १० टक्के दराने पुढच्या पैशाची आजची किंमत काढली, तर हाच काळ साधारण साडेअकरा वर्षांवर जातो.

शिवाय हे ६० टक्के कशाच्या तुलनेत, हेही पाहायला हवं. लोक जुन्या पगाराशी तुलना करतात. खरी तुलना करायची ती पदवी न घेता तुम्ही जिथे पोचला असता त्या पगाराशी. त्या दोन वर्षांत तुम्हाला बढती मिळणारच होती असं धरा, आणि मग खरा फरक ३० टक्क्यांवर आला. तो फरक दरवर्षी तेवढाच राहिला, तर १० टक्के दराने ही गुंतवणूक कधीच फिटत नाही, कारण कायमस्वरूपी मिळणाऱ्या ३० टक्क्यांची आजची किंमत तीन वर्षांच्या पगाराएवढीच भरते. अर्थात फरक पुढे वाढत गेला तर चित्र बदलतं. तुमचे स्वतःचे आकडे घालून हा हिशेब एकदा कागदावर मांडा. तो मांडायला अर्धा तास पुरतो, आणि ज्याला तो नको वाटतो, त्याने पुढची दोन वर्षं वित्त विषयात कशी जातील याचाही विचार करावा.

आता संकल्पना. सगळ्यात आधी नफा आणि रोकड यांतला फरक, कारण धंदे सर्वांत जास्त इथे अडकतात. एक कंपनी महिन्याला १०० लाखांची विक्री करते, त्यावर खर्च ९० लाख, नफा १० लाख. कच्चा माल येऊन तयार माल बाहेर पडेपर्यंत ४५ दिवस जातात. ग्राहक ६० दिवसांनी पैसे देतो. पुरवठादाराला आपण ३० दिवसांनी देतो. ४५ अधिक ६० वजा ३०, म्हणजे आपला पैसा ७५ दिवस अडकून पडतो. अडीच महिन्यांचा खर्च, साधारण २२५ लाख, कायम चक्रात फिरत असतो. पुढे विक्री दुप्पट होते, सगळे आनंदात असतात. पण आता ४५० लाख अडकणार, म्हणजे २२५ लाख नव्याने उभे करावे लागणार. महिन्याचा नफा दुप्पट होऊन २० लाख झाला तरी ती रक्कम नफ्यातून जमायला ११ महिन्यांहून जास्त काळ लागतो. पगार मात्र पहिल्याच महिन्यात द्यायचे असतात. नफा-तोटा पत्रक उत्तम दिसत असताना कंपनी पैशाअभावी ठप्प होऊ शकते ती अशी.

हे ज्याला कळलं, तो विक्री विभागाच्या बैठकीत वेगळे प्रश्न विचारायला लागतो. ग्राहकाला उधारी ६० ची ९० दिवस केली तर ऑर्डर मिळेल, असं कोणी म्हणालं की तो लगेच खेळत्या भांडवलाचा, म्हणजे या चक्रात अडकणाऱ्या पैशाचा, आकडा मांडतो. हिशेबाची दुहेरी नोंदीची पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहिणं, इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापून मांडली, आणि तिचा मूळ सांगाडा आजही तोच आहे. एवढी टिकाऊ दुसरी कुठलीही गोष्ट या अभ्यासक्रमात नाही. म्हणून ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाह पत्रक ही तिन्ही एकमेकांत कशी गुंफलेली आहेत, हे पक्कं झाल्याशिवाय पहिलं सत्र संपू देऊ नका.

दुसरी गोष्ट खर्चाची. एका वस्तूची किंमत १००. तिच्या प्रत्येक नगामागे लागणारा माल, वीज, मजुरी मिळून ६५. त्यावर भाडं, ऑफिस, वरिष्ठांचे पगार यांचा वाटून दिलेला ओव्हरहेड ४५. कागदावर नगामागे १० चा तोटा. कोणीतरी म्हणतं, ही वस्तू बंद करा. बंद केली तर ६५ वाचतात, पण १०० जातात. भाडं आणि पगार तर तसेच राहतात. म्हणजे नगामागे ३५ गेले. वर तो ४५ चा बोजा आता उरलेल्या वस्तूंवर पडतो, मग त्यातली एखादी तोट्यात दिसायला लागते, आणि तीही बंद करायचा प्रस्ताव येतो. या साखळीने चांगल्या चालणाऱ्या विभागांना कुलूप लागलेलं मी पाहिलं आहे, आणि मला ते फार लागतं, कारण त्यात माणसांच्या नोकऱ्या जातात आणि कारण फक्त वाटणीचं असतं.

पण इथेच थांबलं तर अर्धवट शिकल्यासारखं होईल. नगामागे जास्त कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे किमतीतून त्या नगाचा स्वतःचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम (वरच्या उदाहरणातले ३५), देणारी वस्तू नेहमीच चांगली, असंही नाही. समजा दुसरी एक वस्तू नगामागे ६० देते. वरवर ती ३५ वालीपेक्षा सरस. पण दोन्ही एकाच मशिनवरून जातात, आणि ते मशिन चोवीस तास चालूनही पुरत नाही. पहिलीला तिथे १० मिनिटं लागतात, दुसरीला ३०. मिनिटाला पहिली साडेतीन देते, दुसरी दोनच. ग्राहक दोन्ही वस्तू घ्यायला तयार असतील, तर मशिन आधी पहिलीला द्यायला हवं. हिशेब आणि ऑपरेशन्स हे दोन विषय वेगवेगळ्या तासाला शिकवतात, पण निर्णय त्यांच्या सांध्यावर घ्यावा लागतो. चांगला शिक्षक हा सांधा दाखवतो, आणि असा शिक्षक मिळाला तर फीचा मोठा भाग तिथेच वसूल झाला असं मी मानते. लांब पल्ल्यात भाडं आणि पगारही बदलता येतात, हे लक्षात ठेवून हा हिशेब दर काही काळाने पुन्हा करायचा असतो.

ऑपरेशन्समधल्या आणखी दोन गोष्टींवर मी जरा थांबणार आहे, कारण त्या कारखान्याइतक्याच दवाखान्यात, कर्जाच्या फायलींवर आणि सॉफ्टवेअरच्या कामात लागू पडतात. पहिली म्हणजे अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं सूत्र. व्यवस्थेत अडकलेली सरासरी कामं म्हणजे कामं पूर्ण होण्याचा वेग गुणिले प्रत्येक कामाला लागणारा एकूण वेळ. तुमच्याकडे ६०० ऑर्डरी चालू आहेत आणि दिवसाला २० पूर्ण होतात, तर एका ऑर्डरीला सरासरी ३० दिवस लागणार. ग्राहक १५ दिवसांत मागत असेल आणि वेग तोच असेल, तर चालू ऑर्डरी ३०० वर आणाव्या लागतील. त्यासाठी नवी कामं थोडी उशिरा सुरू करावी लागतात. उशीर होतोय म्हणून सगळं एकदम सुरू करणं ही प्रत्येक मॅनेजरची पहिली ओढ असते, आणि त्याने उशीर आणखी वाढतो.

दुसरी गोष्ट रांगेची. एक खिडकी आहे, लोक वेळीअवेळी येतात, प्रत्येकाच्या कामाला कमीजास्त वेळ लागतो, सरासरी १० मिनिटं. खिडकीवरचा माणूस ८० टक्के वेळ गुंतलेला असेल, तर रांगेशास्त्राच्या अगदी प्राथमिक सूत्राप्रमाणे सरासरी थांबावं लागतं ४० मिनिटं. ९० टक्के गुंतलेला असेल तर ९० मिनिटं. ९५ टक्के असेल तर ३ तास १० मिनिटं. शेवटच्या पाच टक्क्यांनी रांग दुपटीहून जास्त वाढली. आपली माणसं रिकामी बसता कामा नयेत, हा आग्रह कुठवर ताणायचा, याचं उत्तर या आकड्यांत आहे. नव्या मॅनेजरला मी हा तक्ता स्वतःच्या हाताने करायला लावते. एकदा केला की तो टीमला शंभर टक्के भरून टाकायच्या फंदात पडत नाही.

मोबदल्याचा विषय अभ्यासक्रमात विखुरलेला असतो, थोडा मनुष्यबळात, थोडा अर्थशास्त्रात, थोडा नियंत्रण पद्धतींत. त्यामुळे त्याचं गांभीर्य लक्षात येत नाही. महिनाअखेरीच्या डिस्पॅचवर बोनस ठेवला की काय होतं पाहा. शेवटच्या आठवड्यात सोपा माल आधी बाहेर पडतो, कटकटीच्या ऑर्डरी पुढच्या महिन्यात ढकलल्या जातात, चाचणी घाईत उरकली जाते, आणि एक तारखेला मशिनपुढे काम नसतं. यात कोणी कामचुकार नसतो. ज्यावर पैसे मिळतात, ते लोक करतात.

मोठ्या प्रमाणावर याचं सगळ्यांसमोर आलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक. प्रत्येक ग्राहकाला बँकेची आठ उत्पादनं विकायचं ध्येय होतं, शाखेतल्या कर्मचाऱ्यांवर त्या टार्गेटचा दाब होता. त्यांनी ग्राहकांच्या संमतीशिवाय लाखो खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचारी काढले गेल्याचं समोर आलं, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये बँकेने ३०० कोटी डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना म्हटलं होतं की एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी दाब आला की त्याचा आधीचा भरवसा उरत नाही. टार्गेट ठरवणाऱ्या प्रत्येकाने, आकडा फुगवायचा असेल तर सर्वांत सोपा मार्ग कोणता, हे आधी स्वतः शोधून पाहावं. तो मार्ग कोणाला तरी सापडणारच असतो.

मार्केटिंगमधून एकच गोष्ट घट्ट धरा: सगळ्यांसाठी बनवलेली वस्तू विकायला फार महाग पडते, म्हणून कोणासाठी नाही हे ठरवायला शिकायचं. संख्याशास्त्र मन लावून करा. ते पुढे प्रत्येक अहवाल वाचताना लागतं, विशेषतः सरासरीच्या मागे पसारा किती आहे हे विचारायची सवय. स्ट्रॅटेजीत हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये मांडलेली पाच बलं शिकवतात: आपसातली स्पर्धा, नवे येणारे, पर्यायी वस्तू, ग्राहकाची ताकद, पुरवठादाराची ताकद. एखाद्या उद्योगात सगळ्यांनाच कमी नफा का मिळतो, हे समजायला ती चांगली चौकट आहे. नोकरी बदलताना नवी कंपनी कोणत्या पाण्यात आहे हे तपासायलाही ती वापरता येते. पण ती शिकून आल्या आल्या कंपनीची दिशा ठरवायची इच्छा असेल, तर निराशा होते.

पदवी जे देऊ शकत नाही, त्याबद्दलही स्पष्ट असलेलं बरं. फ्रेंच खाण अभियंते आँरी फेयोल यांनी १९१६ मध्ये व्यवस्थापनाची पाच कामं सांगितली: नियोजन, संघटन, आदेश, समन्वय, नियंत्रण. आजही पहिल्या सत्रात जवळपास तीच शिकवतात. पण व्यवस्थापनाचे कॅनडियन अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मोठ्या अधिकाऱ्यांचा दिवस जवळ राहून नोंदवला आणि १९७३ मध्ये मांडला, तेव्हा दिसलं की त्यांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपत होती. सलग बसून नियोजन वगैरे फार थोडं. दिवस तुकड्यातुकड्यांचा, बहुतेक बोलण्यात जाणारा. त्या नऊ मिनिटांत समोरच्याला काय म्हणायचंय ते ओळखणं, नको ते काम तिथेच नाकारणं, चिडलेल्या सहकाऱ्याला ऐकून घेणं, हे वर्गात येत नाही. ते कामावर, चांगल्या वरिष्ठाच्या हाताखाली येतं.

केस स्टडीची, म्हणजे एखाद्या कंपनीचा प्रसंग वर्गात चर्चेला घेऊन शिकवण्याच्या पद्धतीची, मर्यादाही त्याच जातीची आहे. कायद्याच्या शिक्षणातून आलेली ही पद्धत हार्वर्ड बिझनेस स्कूलने रुजवली. ते स्कूल १९०८ मध्ये सुरू झालं आणि एमबीए ही पदवी तिथूनच निघाली. अपुऱ्या माहितीवर भूमिका घेणं, ती चाळीस जणांसमोर मांडणं, दुसऱ्याचं म्हणणं पटलं तर बदलणं, यासाठी ही पद्धत उत्तम आहे. पण केसमध्ये लागणारी माहिती कोणीतरी गोळा करून, निवडून, पंधरा-वीस पानांत दिलेली असते. नोकरीत प्रश्न नेमका काय आहे हेच कोणी सांगत नाही. आकडे तीन वेगळ्या ठिकाणी असतात आणि जुळत नाहीत. जागेवर न जाता एक्सेलच्या तक्त्यावरून काम चालवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. म्हणून नव्याने पदवी घेऊन आलेल्यांना मी पहिले काही आठवडे शॉप फ्लोअरवर किंवा ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या टीमसोबत ठेवते. ज्यांना ते कमीपणाचं वाटत नाही, ते पुढे फार चांगले मॅनेजर होतात.

तुमच्या बाबतीत माझं उत्तर असं. क्षेत्र बदलायचं असेल, आणि ज्या संस्थेची खूण त्या क्षेत्रात चालते तिथे प्रवेश मिळत असेल, तर करा. चार-पाच वर्षांचा अनुभव ही त्यासाठी अगदी योग्य वेळ आहे. आहे त्याच क्षेत्रात राहायचं असेल आणि कंपनी वर जायला वाव देत असेल, तर नोकरी न सोडता करता येणारा अभ्यासक्रम पाहा, म्हणजे सोडलेल्या पगाराचा मोठा खर्च वाचतो आणि दर आठवड्याला शिकलेलं लगेच वापरता येतं. आणि सध्याच्या कामाचा वैताग आला म्हणून दोन वर्षं बाहेर पडावंसं वाटत असेल, तर आधी नोकरी बदलून पाहा. ते फार स्वस्तात होतं.

संस्था निवडताना सरासरी पगारावर जाऊ नका. दोन-चार मोठ्या ऑफरींनी सरासरी वर जाते. मध्यक मागा, म्हणजे ज्याच्या वर निम्मे आणि खाली निम्मे विद्यार्थी आहेत तो आकडा, आणि तो किती विद्यार्थ्यांवर काढला आहे तेही विचारा. वर्गात किती जणांना नोकरीचा अनुभव आहे हे पाहा, कारण निम्मं शिक्षण शेजारी बसलेल्यांकडून होतं. आणि आधीच्या दोन बॅचच्या विद्यार्थ्यांना फोन करून विचारा की अकाउंटिंग आणि ऑपरेशन्स कोण शिकवतं, आणि त्यांचे तास कसे असतात. प्रवेश घ्यायचा की नाही हे ठरेपर्यंत वित्त विभागातल्या एखाद्या सहकाऱ्यासोबत बसून आपल्या कंपनीच्या मागच्या तीन वर्षांच्या ताळेबंदावरून पैसा किती दिवस अडकतो, तो आकडा काढून पाहा. हे काम तुम्हाला गोडीचं वाटलं, तर अभ्यासक्रमातला सर्वांत उपयोगी भाग तुम्हाला जड जाणार नाही.